प्रणयची तीन ऑपरेशनं

मुलांची ऑपरेशनं करणारा डॉक्टर वेगळा असतो, हे मला अजूनही समजावून सांगावं लागतं. चंद्रपुरात माझ्या ओपीडीच्या दारावर ‘बालशल्यचिकित्सक’ अशी पाटी आहे. ती वाचून लोक आत येतात आणि खोकल्याचं औषध मागतात. एकदा एका आजीबाईंनी नातवाला पुढं करून म्हटलं, “याले डोज पाजून द्या जी.” मी म्हटलं, “आजी, मी डोज पाजत नाही, मी ऑपरेशन करते.” त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग नातवाकडे, आणि त्याला पदराखाली घेऊन निघून गेल्या.

आमच्या घरीही हीच अडचण होती. अब्बांचं मोटर वायंडिंगचं दुकान. जळालेले शेतीपंप घेऊन गावोगावचे लोक यायचे आणि अब्बा त्यांना अभिमानानं सांगायचे की मुलगी डॉक्टर होतेय. एमबीबीएस झालं, मग सर्जरीचं एमएस झालं. अब्बांना वाटलं, संपलं. मी म्हटलं, अजून तीन वर्षं मुंबईला जायचंय. अब्बा म्हणाले, “अब क्या बाकी रह गया?” मी म्हटलं, “बच्चे.” अम्मी स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली. तिला वाटलं, लग्नाचं बोलणं चाललंय.

लहान मुलाचं ऑपरेशन म्हणजे मोठ्या माणसाच्या ऑपरेशनची छोटी प्रत, असं मलाही तोवर वाटत असे. मुंबईतल्या पहिल्या महिन्यातच तो समज गेला. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पेलाभर रक्त असतं. मोठ्या माणसाच्या पोटात हात घालताना जेवढं रक्त आम्ही सहज टिपून टाकतो, तेवढं बाळाचं गेलं तर बाळच जातं. म्हणून रक्तानं भिजलेला बोळासुद्धा आमच्याकडे वजन करून बघतात. बाळ पटकन गार पडतं. त्याच्या हातापायांना कापूस गुंडाळायचा, ऑपरेशनच्या खोलीतला एसी बंद करायचा आणि आपण घामानं निथळत उभं राहायचं. चंद्रपूरच्या मे महिन्यात याचा अर्थ काय होतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको. आतडं करंगळीएवढं, टाक्याचा धागा केसासारखा. गाठ जरा जोरात ओढली की पापुद्रा फाटतो. सुट्टीत घरी आले की मी मामूंच्या चिकनच्या दुकानातून कोंबडीची आतडी आणायची, ओट्यावर दिवा ओढून घ्यायची आणि तोडून पुन्हा शिवत बसायची. अम्मीनं त्या दिवसांत माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

हाताचं काम असं शिकता येतं. पोट तपासणं शिकायला जास्त वेळ लागला. मूल सांगत नाही कुठं दुखतं ते, आणि रडायला लागलं की पोट लाकडासारखं कडक होतं. आमचे सर हात गरम पाण्यात बुडवून, पुसून, मग आईच्या मांडीवर झोप लागत आलेल्या बाळाच्या पोटावर ठेवायचे. आम्हालाही तेच करायला लावायचे. मी आजही तसंच करते.

आमच्याकडे येणारी निम्मी मुलं जन्मतःच काहीतरी अर्धवट राहिलेली असतात. कुणाची अन्ननलिका मध्येच बंद असते, कुणाच्या लघवीच्या वाटेत पडदा असतो. काही बाळांना संडासची जागाच नसते. आईच्या पोटात ती वाट तयार व्हायची राहून गेलेली असते. बाकी बाळ चांगलं असतं, रडतं, दूध ओढतं, आणि पोट मात्र तासातासाला फुगत जातं. मला सांगायचं आहे ते अशाच एका बाळाबद्दल. त्याचं नाव पुढं प्रणय ठेवलं.

गडचिरोलीच्या दवाखान्यातून फोन आला आणि दुपारी अँब्युलन्स आली. धानोऱ्याकडच्या जंगलातलं गाव. धानाची थोडी शेती असलेलं कुटुंब. बाप देवाजी, तिशीच्या आतला, पायात रबरी चपला, खांद्यावर दुपट्टा. आई सुरेखा, तीन दिवसांची बाळंतीण. तिला गावीच राहायला सांगितलं होतं, पण ती ऐकली नव्हती. एवढ्या रस्त्यात ती बसून आली होती आणि बाळ तिनं एकदाही कुणाच्या हातात दिलं नव्हतं. बाळाचं पोट मडक्यासारखं ताणलेलं, त्यावर निळ्या शिरा दिसत होत्या.

मी दोघांना समोर बसवून सांगितलं. आज मोठं ऑपरेशन करायचं नाही. आज फक्त पोटावर डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढायचं, म्हणजे संडास तिथून होईल आणि पोट मोकळं होईल. बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की खरी जागा करायची. ती नीट जमली की पोटावरचं तोंड बंद करायचं. एकूण तीन ऑपरेशनं.

देवाजीनं बाळाच्या पोटाकडे बघितलं. मग म्हणाला, “पोटातून?”

“हो. काही महिनेच.”

“मंग लोकायले काय सांगाचं, बाई?”

मी काही बोलणार तेवढ्यात सुरेखा म्हणाली, “लोकायचं राहू द्या जी. मले सांगा, दूध कवा पाजता येईन?”

मी म्हटलं, “दोन दिवसांनी.” तिनं मान हलवली आणि बाळाला माझ्याकडे दिलं.

ऑपरेशन सरळ पार पडलं. आतड्याला वाट मिळाली तसं पोट डोळ्यांदेखत खाली बसलं. मी बाहेर येऊन सांगितलं तर देवाजी भिंतीला टेकून खाली बसला. सुरेखानं फक्त विचारलं, “रडला का?”

पोटावर काढलेल्या आतड्याचं तोंड डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल आणि ओलं दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती जखम वाटते. तिला हात लावला तरी बाळाला दुखत नाही, हे आईला पटायला वेळ लागतो. सुरेखानं पहिल्या दिवशी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी बघितलं. तिसऱ्या दिवशी नर्सच्या हातातून कापूस घेतला आणि म्हणाली, “तुमी सांगा, मी करतो.” आमच्याकडच्या चिकट पिशव्या इथल्या उन्हात तासाभरात सुटतात, त्यांच्या गोंदानं कोवळी कातडी सोलून निघते. म्हणून जुन्या सुती लुगड्याच्या घड्या करून बांधायच्या, प्रत्येक वेळी कोमट पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, भोवती खोबरेल लावायचं. दिवसातून कितीतरी वेळा. हे सगळं ती शिकली आणि गावी गेली.

पुढचे महिने ती तपासणीला नियमित यायची. धानोऱ्याहून गडचिरोली, तिथून चंद्रपूर, एसटीनं. बाळाचं वजन वाढत होतं. पोटाभोवतीची कातडी इतकी स्वच्छ असायची की मी वॉर्डातल्या दुसऱ्या आयांना तिच्याकडे पाठवायची. गावात काय चाललंय ते ती स्वतःहून सांगत नसे. मी विचारलं तर तुकड्यातुकड्यानं यायचं. बारसं घरातल्या घरात केलं. जाऊ बाळाला घेत नाही. धानाच्या रोवणीला बाकीच्या बाया शिदोरी सोडतात त्या झाडाखाली ती बसत नाही, दुसऱ्या बांधावर बसते.

“त्यांनी म्हटलं का तसं?” मी विचारलं.

“म्हटलं नाई कोणी. पण मले समजते ना, बाई. वास येते. येते तं येते. मी त्याले घेऊन तिकडं बसतो.”

देवाजीनं मात्र एक गोष्ट मनावर घेतली होती. घराबाहेर पडताना मुलाचं पोट कपड्यानं गुंडाळलेलं असलं पाहिजे आणि कुणी उघडून बघता कामा नये. मुलाला लोकांनी त्यावरून ओळखू नये एवढंच त्याला वाटत होतं. “मोठा झाल्यावर त्याले कोणी चिडवाले नको,” म्हणायचा.

आठव्या महिन्यात दुसरं ऑपरेशन केलं. आमच्या शाखेतल्या अवघड कामांपैकी हे एक. बाळाला पालथं झोपवायचं, कंबर उंच करायची आणि बरोबर मध्यरेषेवर कापत जायचं. संडास धरून ठेवणारा स्नायू गोल कड्यासारखा असतो, पण या मुलांत तो पातळ आणि लपलेला असतो. विजेचा अगदी बारीक झटका देणारी कांडी टेकवत जायची; जिथं मांस आकसतं तिथं तो आहे. त्या कड्याच्या मधोमध आतडं आणून बसवायचं. केसभर इकडे-तिकडे झालं तर मूल जन्मभर कपडे खराब करत राहतं. आतडं लघवीच्या नळीला चिकटलेलं असतं, तिथून ते सोडवताना मी श्वास घ्यायचं विसरते असं माझे सहकारी म्हणतात. प्रणयचा स्नायू चांगला होता. कांडी टेकवली की दोन्ही बाजूंनी सारखा आकसत होता. असं दिसलं की सर्जनला आनंद होतो. मलाही झाला.

या ऑपरेशननंतरचा भाग मात्र आईबापांना सगळ्यांत कठीण जातो. नवी केलेली वाट आपोआप आकसून बंद व्हायला बघते. ती उघडी ठेवायला गुळगुळीत, गोल टोकाची स्टीलची सळई तेल लावून रोज आत घालावी लागते. आठवड्याला थोडी थोडी जाड सळई. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, कितीतरी महिने. हे डॉक्टर घरी येऊन करू शकत नाही. आईनंच करायचं असतं.

मी सुरेखाचा हात धरून तिच्याकडून पहिल्यांदा ते करवून घेतलं. प्रणय किंचाळला. तिनं सळई काढली आणि ट्रेमध्ये ठेवली.

“मी नाई करू शकत, बाई.”

“नाही केलं तर जागा बंद होईल, सुरेखा. मग पुन्हा कापावं लागेल.”

“मायनंच लेकराले असं दुखवाचं?”

“थोडे दिवस दुखतं. मग सवय होते. तुझ्यापेक्षा हलका हात त्याला कुणाचाच मिळणार नाही.”

ती रडली नाही. थोड्या वेळानं तिनं पुन्हा हात धुतले. नंतरच्या फेरीला मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाली, “करतो. त्यानं मले पाहून पळाले सुरुवात केली.” तो तेव्हा रांगायला लागला होता. सळईचा डबा वाजला की तो खाटेखाली जायचा. एकदा तपासणीच्या वेळी देवाजी खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, ती त्याचे पाय धराले मले लावते. डोळे मिटून घेते आणि मंग हाताच्या अंदाजानं करते.” पण तिनं एकही दिवस चुकवला नाही. मी तपासलं की कळायचं. जागा अशी मऊ आणि मोकळी राहिली होती की माझ्या शिकाऊ डॉक्टरांना मी दाखवायची.

पहिल्या वाढदिवसानंतर तिसरं ऑपरेशन करून पोटावरचं तोंड बंद केलं. त्यानंतर आम्ही सगळे एकाच गोष्टीची वाट बघत असतो, आणि ती गोष्ट घरी सांगण्यासारखी नसते. चौथ्या दिवशी सकाळी मी राउंडला गेले तर सुरेखा वॉर्डाच्या दारातच उभी होती. “झाली, बाई,” म्हणाली. “जिथून व्हाची तिथून झाली.” तेव्हा मात्र ती रडली. बाजूच्या खाटांवरच्या बाया उठून आल्या. देवाजी कुठून तरी जिलेबी घेऊन आला आणि त्यानं आमच्या सफाईवाल्या मावशींपासून भूलतज्ज्ञांपर्यंत सगळ्यांना वाटली.

त्यानंतरची वर्षं मला फार सांगता येत नाहीत, कारण बरं झालेलं मूल डॉक्टरकडे कमी येतं. सहा महिन्यांनी, मग वर्षानं. सळई बंद झाली. दोन वर्षांचा झाला तसं त्याला जेवणानंतर भांड्यावर बसवायचं शिकवलं. तो अंगणवाडीत जायला लागला आणि कपडे खराब न करता घरी यायला लागला. एकदा ओपीडीच्या बोळात तो इतका पळत होता की माझ्या नर्सनं त्याला धरून आत आणलं. मी पोट दाखव म्हटलं तर त्यानं शर्ट वर केला, आडव्या वणावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “इथी माह्यी संडास होती.” देवाजी ओशाळला. सुरेखा हसली. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. शेवटचे आले तेव्हा त्याला पहिलीत घालायचं ठरलं होतं. मी म्हटलं, आता दोन वर्षांनी आलात तरी चालेल.

त्याच वर्षी धान कापून झाल्यावर, डिसेंबरात, देवाजी एकटाच आला. ओपीडी संपत आली होती. तो बाकावर बसून होता आणि नंबर आला तरी उठत नव्हता. नर्सनं बोलावलं तेव्हा आत आला, स्टूलवर बसला, दुपट्टा हातात घेतला.

“प्रणय कुठं आहे?” मी विचारलं.

“नाई राह्यला, बाई.”

पोळ्याच्या सुमाराला ताप आला होता. गावातल्या आशा वर्कर ताईनं बोटातलं रक्त तपासलं, मलेरिया निघाला, तोही मेंदूत जाणारा. तिनं गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. त्यानं त्या ओकून टाकल्या. दुसऱ्या दिवशी झटके आले. पाऊस सुरू होता, गावाच्या खालचा नाला भरून चालला होता. अँब्युलन्स पलीकडे येऊन थांबली. लोकांनी खाटेवर घालून, छातीएवढ्या पाण्यातून त्याला पलीकडे नेलं. ज्या बाया सुरेखाजवळ बसत नसत त्यांचे नवरे त्या खाटेला धरून होते. दवाखान्यात डॉक्टरांनी सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. संध्याकाळी तो गेला.

देवाजीनं हे सगळं सांगितलं, जसं दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. मी ऐकत होते आणि कुणी काय चुकलं ते शोधत होते. कुणीच चुकलं नव्हतं. आशानं तिचं काम केलं होतं, ड्रायव्हरनं त्याचं, डॉक्टरांनी त्यांचं.

मग देवाजी म्हणाला, “मी एक इचाराले आलो, बाई. त्याच्या पोटात तं काई झालं नव्हतं ना?”

“पोटात? नाही. तो मलेरिया होता.”

“सुरेखा मानत नाई. ती म्हणते, मीच रोज ती सळई घातली, आतून कुठी तरी लागलं असन. गावातबी एक-दोघी म्हणाल्या, कापलेलं लेकरू आतून कच्चंच राह्यते. ती जेवून नाई राह्यली. मी सांगतो तं म्हणते, तुमाले काय समजते.” त्यानं दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला. “तुमी एकडाव सांगान तिले?”

त्या रविवारी मी गेले. गडचिरोली ओलांडून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना साग आणि मोह. मध्ये एका पोलीस चौकीवर गाडी थांबवून विचारपूस झाली. डॉक्टर आहे म्हटल्यावर शिपायानं कुणाकडे म्हणून विचारलं, मी नाव सांगितलं, तो म्हणाला, “त्यायचं लेकरू गेलं ना जी?” देवाजी डांबरी सडकेपर्यंत घ्यायला आला होता. तिथून गावापर्यंत चालत जावं लागतं. नाल्यात त्या दिवशी घोटाभर पाणी होतं.

सुरेखा अंगणात बसली होती. ओळखू येणार नाही इतकी वाळली होती. ती उठली, आतून चटई आणली, पाणी दिलं. जाऊ दारात उभी राहिली, तिला मी बसायला सांगितलं, म्हणजे तिनंही ऐकावं.

मी सुरेखाला सगळं पहिल्यापासून सांगितलं. सळई किती आत जाते, ते बोटावर दाखवलं. पोटाचं दुखणं आणि तापात झटके येणं यांचा संबंध नसतो, ते सांगितलं. जमिनीवर काडीनं माणसाचं शरीर काढलं, मलेरियाचे जंतू डासातून रक्तात आणि रक्तातून डोक्यात कसे जातात ते दाखवलं. “सळई बंद होऊन किती वर्षं झाली होती, सुरेखा? लागलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मी हजार मुलं बघितलीत. तुझ्यासारखी स्वच्छ जागा कुणी ठेवली नाही. तुझ्या हातून काही झालेलं नाही.”

तिनं सगळं ऐकून घेतलं. काडीच्या चित्राकडे बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे ते बरोबर झालं होतं.”

“पूर्ण बरोबर झालं होतं.”

“मंग इतकं दुखवलं कायले त्याले, बाई?”

मी शिकले त्या वर्षांत मला अनेक प्रश्नांची उत्तरं शिकवली होती. नातेवाइकांना वाईट बातमी कशी द्यायची, हेही शिकवलं होतं. पण ऑपरेशन यशस्वी झालेलं मूल मेल्यावर त्याच्या आईला काय सांगायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसून राहिले. जाऊ उठली आणि तिनं सुरेखाच्या पाठीवर हात ठेवला. सुरेखानं तो राहू दिला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “आमच्या वॉर्डात अशी बाळं येतात. त्यांच्या आया सळईला घाबरतात. तुला पुढं कधी वाटलं, तर ये. तू सांगितलेलं त्या ऐकतील.”

तिनं लगेच मान हलवली. “नाई, बाई. त्यायची लेकरं बरी होईन तं मले चांगलंच वाटन. पण मी पाहू नाई शकत.”

मी म्हटलं, “बरं.” मला विचारायलाच नको होतं असंही वाटलं, पण ती रागावली नव्हती. उलट थोडी मोकळी झाल्यासारखी बोलायला लागली. शाळेत बाईंनी त्याला पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्याला बैलांची भीती वाटायची आणि बकरीची वाटायची नाही. भातात मीठ जास्त लागायचं. आतल्या भिंतीवर त्याचा शाळेतला फोटो लावला होता, नव्या गणवेशातला, केस पाण्यानं चापून बसवलेले. तो मला दाखवायला ती आत घेऊन गेली.

फोटोसमोर उभी असताना ती म्हणाली, “बाई, तुमच्याजवळ त्याचा लहानपणचा फोटो हाय का?”

“लहानपणचा?”

“पयल्या सालचा. तवा पोटाला तसं होतं म्हणून घरी कोणी काढलाच नाई. मोबाईल होता, पण यायनं काढू नाई दिला.” देवाजी खाली बघत होता. “तुमी तिथी काढत होते ना, मी पाह्यलं होतं.”

आम्ही फोटो काढतो, हे खरं आहे. प्रत्येक ऑपरेशनच्या आधी आणि नंतर, आईबापांना विचारून. त्यावरून पुढं उपचार ठरवता येतात, विद्यार्थ्यांना शिकवता येतं. प्रणयचे माझ्या फोनमध्ये कितीतरी फोटो होते. पोटावरचं आतड्याचं तोंड, पहिल्या आठवड्यातलं, तिसऱ्या महिन्यातलं. नवी केलेली जागा. टाके काढल्यानंतरचा वण. पण पेशंट ओळखू येऊ नये म्हणून आम्ही चेहरा घेत नाही. तो नियम आहे आणि चांगला नियम आहे.

मी तिला सांगितलं, “चेहरा नाही ग त्यांत. फक्त पोटाचे आहेत.”

“दाखवा.”

मी फोन तिच्या हातात दिला. ती एकेक फोटो सरकवत गेली. जी गोष्ट तिनं वर्षभर गावापासून झाकून ठेवली होती ती पडद्यावर मोठी दिसत होती. जाऊ वाकून बघत होती, तिनंही तोंड फिरवलं नाही. एका फोटोवर सुरेखा थांबली. तिसऱ्या महिन्यातला असावा. मधोमध ते लाल तोंड, एका कडेला घडी केलेलं लुगडं धरलेला तिचा हात, हिरव्या बांगड्यांचा. आणि खालच्या कोपऱ्यात, मी कापायचं विसरलेलं, बाळाचं एक पाऊल. बोटं पसरलेली. लाथ मारण्याच्या बेतात असलेलं.

सुरेखानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, पोट बाजूला सरकवलं, पाऊल मध्ये आणलं.

“हा द्या,” म्हणाली.

गावात नेटवर्क नव्हतं. फोटो पाठवायचा तर सडकेवर जावं लागणार होतं. मी निरोप घेतला. सुरेखा अंगणाच्या टोकापर्यंत आली. देवाजी माझ्याबरोबर नाला ओलांडून वर आला. सडकेवर गाडीजवळ उभं राहून मी तो फोटो त्याच्या नंबरवर पाठवला. पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरत राहिलं. आम्ही दोघंही आपापल्या फोनकडे बघत उभे होतो. मग त्याच्या हातातला फोन वाजला. त्यानं फोटो उघडला, उन्हात दिसेना म्हणून दुपट्ट्याची सावली केली आणि त्या पावलाकडे बघत राहिला.

“पोचला, बाई,” म्हणाला, आणि घाईनं गावाकडे चालायला लागला.